डब्याचं दार

झाकण हा शब्द तिला आठवला नाही, एवढंच झालं.

डबा तिच्या हातात होता. पांढरा, चौकोनी, कोपरे गोल केलेला, आणि वर निळं... इथेच ती अडली. लांब टेबलाच्या पलीकडे डब्यांच्या कंपनीची माणसं बसली होती. अलीकडे तिच्या जाहिरात कंपनीचा प्रमुख होता, ज्याला सगळे पाठीमागे सरदार म्हणत. ती उभी राहून बोलत होती, इतकी वर्षं बोलत आली तशीच, सहज, किंचित हसत. डबा घेणारी बाई डबा बघतच नाही, आत ठेवलेलं उद्यापर्यंत टिकेल का ते बघते, म्हणून आपण बोलायचं ते डब्याबद्दल नाही, तर या... आणि तिनं त्या निळ्या वस्तूवर बोट ठेवलं. शब्द आला नाही. जिभेच्या टोकावर आहे म्हणतात तसंही नव्हतं. टोकावर असला की निदान त्याची चव लागते, पहिलं अक्षर चाचपडता येतं. इथे काहीच नव्हतं. भिंतीवरची तसबीर काढल्यावर मागे स्वच्छ चौकोन उरतो, तसा एक चौकोन तिच्या डोक्यात होता आणि त्यात काही टांगलेलं नव्हतं. सगळे तिच्याकडे बघत होते. कुणाचं तरी पेन टेबलावर टिचकत होतं. मग तिच्या तोंडून निघालं, "या दाराबद्दल."

"दार?" डब्यांच्या कंपनीचा मालक म्हणाला. तो जाडजूड, कमी बोलणारा माणूस होता. सकाळपासून त्यानं मान हलवण्यापलीकडे काही केलं नव्हतं. आता त्यानं तिच्या हातातून डबा घेतला. टक् करून उघडला, टक् करून लावला. पुन्हा उघडला. "डब्याला दार," तो स्वतःशीच म्हणाला, आणि त्याचा चेहरा हळूहळू उजळला. "आतलं आत, बाहेरचं बाहेर. अहो, इतकी वर्षं आम्ही हवाबंद, हवाबंद म्हणून घसा फोडतोय. दार! लावलं की झालं."

सरदारनं टेबलावर थाप मारली. "मी काय सांगत होतो? हे शिकवून येत नाही. वर्ग काढा, शाळा काढा, पुस्तकं वाचा, डोंबल येत नाही. हे रक्तात असावं लागतं. हिच्या वडिलांना ऐकलं असतंत तुम्ही! लिलाव पुकारायचे. फुटका आरसा विकायचे, आणि घेणारा वर आभार मानून जायचा."

सगळे हसले. तीही हसली. हसताना तिला जाणवलं, की आपण ओठांची दोन्ही टोकं सारखी वर जातायत ना, याच्यावर लक्ष ठेवून हसतोय. रक्तात. सरदारला बिचाऱ्याला काय माहीत. वडिलांच्या रक्तात काय होतं ते डॉक्टरांनी मोठ्या काळ्या फिल्मवर बोट ठेवून दाखवलं होतं. मोहरीएवढी गुठळी, असं ते म्हणाले होते, आणि तिला वाटलं होतं, एवढ्याशा मोहरीनं एवढा मोठा बाजार उठवला.

बैठक संपल्यावर ती स्वच्छतागृहात गेली आणि आतून कडी लावली. कडी, ती पुटपुटली. नळ. बेसिन. साबण. साबण ठेवायची... साबणदाणी. आरसा. आरशात तिनं दात दाखवले, डोळे घट्ट मिटले, भुवया वर नेल्या. उजव्या हाताची बोटं एकेक करून अंगठ्याला लावली. सगळं शाबूत होतं. झाकण, ती म्हणाली. आता तो शब्द हजार वेळा येत होता, आगाऊ पाहुण्यासारखा, काम झाल्यावर. झाकण, झाकण, झाकण, आणि इतक्या वेळा म्हटल्यावर त्याचा अर्थच उडून गेला, नुसता एक ठोकल्यासारखा आवाज उरला. बाहेर कुणीतरी दार वाजवलं. ते दारच होतं, याबद्दल तरी वाद नव्हता.

वडिलांचं असंच सुरू झालं होतं. त्या दिवशी ती आईवडिलांकडे जेवायला गेली होती. वडील वर्तमानपत्र घेऊन बसले आणि आईला म्हणाले, "माझी खिडकी कुठे ठेवलीस?" आई म्हणाली, "कसली खिडकी?" तर त्यांनी नाकाला हात लावून दाखवला. चष्मा. केवढ्या हसल्या होत्या दोघी! वडीलही हसले. माणूस निवृत्त झाला तरी जीभ निवृत्त होत नाही, असं आई म्हणाली होती. घरी परततानाही ती बसमध्ये एकटीच हसत होती, की काय बोलतात आपले बाबा, चष्म्याला खिडकी! जगात दुसऱ्या कुणाला सुचेल? पुढच्याच आठवड्यात सकाळी ते दाढी करताना बाथरूममध्ये पडले, आणि शुद्धीवर आले तेव्हा त्यांच्याजवळ शब्द असे उरलेच नव्हते. उजवा हात लुळा पडला होता, तोही महिनाभरात थोडा हलायला लागला. शब्द मात्र गेले ते गेले. त्या खिडकीला आपण हसलो, ही गोष्ट तिला नंतर कधी बोचली नव्हती. हसण्यासारखंच होतं ते. पण आज तिला पहिल्यांदा कळलं, की ती खिडकी सुचलेली नव्हती. चष्मा हा शब्द सापडला नाही म्हणून हाताला लागेल ते त्यांनी पुढे केलं होतं. अंधारात चप्पल शोधताना दुसऱ्याची पायात यावी तसं. आणि आज तिनंही तेच केलं होतं, आणि माणसं खूश झाली होती.

ऑफिसातून घरी ती चालत जाई. रस्ता ओळखीचा होता, पायांना पाठ होता. आज ती रस्त्यावरच्या एकेका वस्तूला मनात नाव देत चालली, परीक्षेला बसल्यासारखी. दिवा. खांब. पत्रपेटी. कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा. शिंप्याच्या दुकानात ते बोटात घालतात, सुई टोचू नये म्हणून, ते... ती फुटपाथवर थांबली. मागून येणारा माणूस तिच्यावर आदळता आदळता राहिला आणि पुटपुटत पुढे गेला. तो शब्द आपल्याला कधी येत होता का, की हा आजच गेला? हे कसं ठरवायचं? जे गेलं ते होतं की नव्हतं, हे गेल्यावर कुणाला विचारायचं? अंगुस्तान. आलं. अंगुस्तान! तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. दुकानात बसलेल्या शिंप्यानं काचेतून वर पाहिलं. एक बाई आपल्या बोटाकडे बघत कृतज्ञतेनं उभी आहे, असं त्याला दिसलं असणार.

लहानपणी सुट्टीच्या दिवशी वडील तिला लिलावघरात घेऊन जात. उंच छताची, धुळीचा आणि जुन्या पॉलिशचा वास असलेली ती जागा होती. मेलेल्या माणसांचं, गाव सोडून गेलेल्यांचं, मोडलेल्या संसारांचं सामान तिथे यायचं. कपाटांच्या रांगेत एका गुंडाळलेल्या सतरंजीवर ती बसायची. वडील घरात फार बोलत नसत. पण तिथे लाकडी चौथऱ्यावर चढले, की ते वेगळेच होत. तीन पायांचं टेबल आलं तर म्हणायचे, "चौथा पाय नाही, खरंय. एकट्यानं उभं राहता येत नाही म्हणून तर तुमच्या भिंतीचा आधार मागायला आलंय. नाही म्हणू नका." तडा गेलेला आरसा आला, की "एका माणसाच्या किमतीत दोन माणसं दिसतील, बघा परवडतं का." आणि ती बसकी आरामखुर्ची! बैठक खोल गेलेली, दोन लिलावांत कुणी हात न लावलेली. वडील तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले, सगळं लिलावघर गप्प झालं, आणि मग ते हळूच म्हणाले, "या खुर्चीत कुणीतरी इतकं सुखानं बसलंय, की खड्डा पडलाय. ते सुख फुकट. खुर्चीचं तेवढं बोला." हात भराभर वर गेले होते. बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही पडून राहतं, असं लोक म्हणतात, पण तिथे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. आणि त्या सतरंजीवर बसून तिला जे वाटलं, त्याच्यावर तिनं पुढचं सगळं आयुष्य उभारलं होतं. हे येतं. कुठूनतरी वरून, आतून, येतं. बाबांना येतं, मलाही येईल. आणि आलंही. पहिल्याच नोकरीत, पहिल्याच आठवड्यात, साध्या छत्रीची ओळ लिहून तिनं ऑफिसला चकित केलं, तेव्हा कुणीतरी म्हणालं, बापाची जीभ घेऊन आलीये पोरगी. तिनं ते दागिन्यासारखं अंगावर घातलं, ते कधी उतरवलं नाही. आणि आता त्या दागिन्याचा फास व्हायला लागला होता. बापाची जीभ घेतली असेल, तर पुढचंही घ्यावं लागणार. वारसा काही निवडून घेता येत नाही. घर घेतलं की गळकं छप्परही घ्यावं लागतं.

पुढचे काही दिवस सरदार भलताच खुशीत होता. डब्यांच्या मालकाला आता मालिका हवी होती. "दारासारखंच," सरदार म्हणाला, "त्यांची बरणी आहे, पाण्याची बाटली आहे, गाळणी आहे. प्रत्येकाला एकेक. तुझ्या डाव्या हातचा मळ आहे."

ती खुर्चीत बसली आणि दारासारखं लिहायला लागली. बरणीचं छप्पर. बाटलीचा गळा, पण तो तर असतोच. गाळणीचा उंबरा. चाळणीच्या खिडक्या. कागदावर ओळी उतरत होत्या, आणि तिला कळत होतं, की सगळ्या मेलेल्या आहेत. दार आलं तेव्हा ते कुणी आणलं नव्हतं. हे सगळं ती दंडाला धरून ओढून आणत होती, आणि ओढून आणलेल्या माणसासारखाच त्या ओळींचा चेहरा पडलेला होता. आणि मग तिच्या मनात तो विचार आला, आणि तो आल्यावर तिनं पेन खाली ठेवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. तिला वाटलं, पुन्हा तसंच झालं तर? पुन्हा एखादा शब्द गेला, तर त्याच्या जागी काहीतरी येईल. चांगलं येईल. म्हणजे आपण इथे बसून त्याचीच वाट बघतोय. वडिलांना ज्यानं मुकं केलं, त्याच चोरानं आपल्याकडेही एकदा येऊन जावं म्हणून दार उघडं ठेवून बसलोय. आणि मागे वळून पाहिलं तर? छत्रीची ती ओळ, नंतरच्या सगळ्या ओळी, ज्यांच्यासाठी लोकांनी पाठ थोपटली, त्या तरी कुठून आल्या होत्या? प्रत्येक वेळी आधी एक रिकामा चौकोन होता का? तिला आठवेना. सुचणं म्हणजे काय, याच्याकडे तिनं आजवर कधी बघितलंच नव्हतं. झोपेत चालणाऱ्यानं गच्चीच्या कठड्यावरून चालत जावं, आणि नेमकं मधे कुणीतरी हाक मारावी, तसं झालं होतं.

समोरच्या टेबलावर नवी बसायची. आधी कुठेतरी हिशेबनीस म्हणून काम केलेली, तिशीला टेकलेली, उशिरा या धंद्यात आलेली बाई. तिला अजून सगळे नवीच म्हणत. ती काही सुचण्याची वाट बघत नसे. बरणी समोर ठेवून ती शांतपणे बसे, उघडी, बंद करी, उलटी करी, मग एका ओळीच्या वीस ओळी करी आणि त्यातल्या एकोणीस खोडी. सरदार तिला गंमतीनं सुतार म्हणायचा. नवीनं एकदा तिला विचारलं होतं, की हे शिकता येईल ना हो? तेव्हा ती म्हणाली होती, "चूक टाळायला शिकता येतं." ते बोलणं आखडूपणाचं होतं असं तिला तेव्हा वाटलं नव्हतं. ते खरंच आहे असं वाटलं होतं.

आज नवी खुर्ची ओढून तिच्याजवळ आली. "एक विचारू? ते दार तुम्हाला नेमकं कसं सुचलं? म्हणजे आधी काय मनात होतं?"

तिला एकदम कुणालातरी सांगून टाकावंसं वाटलं. घशाशी आलेलं बाहेर पडावं तसं ती म्हणाली, "मला झाकण आठवलं नाही."

नवी खळखळून हसली. "तुम्ही ना! सांगायचं नसलं की काहीही सांगता. मोठी माणसं आपली रेसिपी देत नाहीत, हेच खरं."

"खरंच सांगतेय," ती म्हणाली. "शब्द गेला होता. मी घाबरले होते."

"हो हो," नवी उठत म्हणाली, "मलाही असं घाबरायला शिकवा बाई."

तिनं आपली पानं नवीच्या टेबलावर नेऊन ठेवली. बरणी आणि बाटली तू कर, मला बरं नाहीये, म्हणाली. नवीनं ती कामं केली. तिची बरणीची ओळ साधी होती, डोळे दिपवणारी नव्हती, पण वाचली की बरणी हातात घ्यावीशी वाटायची. सरदारला ती ओळ नवीची नव्हे, हिचीच वाटली. कुणी खुलासा केला नाही. तिनं करायला तोंड उघडलं तेव्हा नवीनंच मान हलवून नको म्हटलं, आणि हे औदार्य होतं की दया, हे तिला कळेना. दयेची शंका आली की ती घरी जाऊन आरशासमोर दात दाखवी.

सुट्टीच्या दिवशी ती आईवडिलांकडे गेली. तिथे वडिलांना बोलायला शिकवणाऱ्या बाई आलेल्या होत्या. आई त्यांना उच्चारबाई म्हणायची. उच्चारबाईंना त्या दिवशी सर्दी झाली होती आणि त्या शिंकांच्या मधूनमधून चित्रांचे पत्ते वडिलांसमोर धरत होत्या. चमचा. वडील पत्त्याकडे बघत. कपाळावरची शीर फुगे. ओठ जुळत, सुटत, पुन्हा जुळत. "च..." उच्चारबाई म्हणत. "च..." वडील म्हणत, आणि मग मोठ्या खात्रीनं, "चंद्र." "नाही. खायचं कशानं?" "चंद्र," वडील म्हणत, आणि आपल्याला जे म्हणायचं होतं ते हे नाही, हे त्यांना स्वतःच ऐकू येई, आणि डाव्या हातानं ते पत्ता आडवा पाडत. एकेकाळी या माणसाच्या तोंडून शब्द पडायची वाट बघत सगळं लिलावघर श्वास धरून बसायचं. ती दाराला टेकून उभी होती. चमच्याला चंद्र. सरदारला सांगितलं तर तो उडीच मारेल, असं तिच्या मनात आलं, आणि तिला आपलीच किळस आली, आणि किळशीच्या खाली भीती होती, थंड, ओल्या फरशीसारखी.

उच्चारबाई गेल्यावर वडील दमून झोपले. ती स्वयंपाकघरात आईजवळ जाऊन बसली. आई भाजी चिरत होती. ती म्हणाली, "आई, बाबांना सगळं उपजतच होतं ना गं? कधी शिकले नाहीत ते."

आईनं सुरी थांबवली नाही. "कसलं उपजत! लग्न झालं तेव्हा पाणी दे म्हणायची मारामार होती. मला तर वाटलं, मुका नवरा बांधला गळ्यात. तिथे सामान उचलायच्या कामाला होते ते आधी. वर उभं राहून पुकारायची हौस भारी, पण चौथऱ्यावर चढले की पाय लटपटायचे. मग घरी सराव. हे तिथे उभे, मी इथे गिऱ्हाईक. पाट ठेवला मधे, की पाट विकायचा. तवा ठेवला, की तवा विकायचा. मी आपली एकच म्हणायची, नाही घेत. दोन वर्षं मी काही घेतलं नाही त्यांच्याकडून."

"आणि ती खुर्ची? ती तर बाबांना तिथल्या तिथे सुचली. मी होते समोर."

"तिथल्या तिथे!" आई हसली. "त्या खुर्चीनं आठवडाभर जीव खाल्ला माझा. आधी म्हणायचे, मजबूत लाकूड, मजबूत लाकूड. मग म्हणायचे, राजेशाही थाट. शेवटी मी वैतागले. म्हटलं, कुणीतरी आरामात बसून खड्डा पाडलाय आणि तो मला विकता होय? तर हे एकदम गप्प. माझ्याकडे असे बघायला लागले, की मला वाटलं चिडले. आणि मग तोच खड्डा घेऊन गेले लिलावात. सांगितलं नाही का तुला कधी?"

नव्हतं सांगितलं. तिनं भाजीतला एक तुकडा उचलला आणि हातात धरून बसली. तिला आधी हलकं वाटलं. गळ्यातलं काहीतरी कुणी काढून घेतल्यासारखं. रक्तात नव्हतं तर. बाबा शिकले, घासून घासून शिकले, आणि जे चमकलं ते आईच्या वैतागातून निघालं, आणि ते ऐकायचे कान मात्र बाबांचे. म्हणजे मीही शिकलेच असणार. या घरात, बाहेरच्या खोलीत अंथरुणावर पडून, हे घ्या आणि नाही घेत ऐकत. कोण जाणे. पण तो हलकेपणा भाजी फोडणीला पडेपर्यंतही टिकला नाही. कारण आतून वडिलांच्या घोरण्याचा आवाज येत होता, आणि त्या आवाजानं तिला साधी गोष्ट सांगितली. उपजत असो, शिकलेलं असो, त्या मोहरीनं काही विचारलं नव्हतं. दोन वर्षं पाटासमोर उभं राहून कमावलेलंही तिनं त्याच सकाळी, दाढी अर्धी राहिली असताना, नेलं होतं. उपजत असतं तर निदान ज्यानं दिलं त्यानं नेलं म्हणता आलं असतं. हे तर कष्टाचं होतं. आता भीतीला खालची पायरीच उरली नव्हती. ती नुसती खाली खाली जात होती.

शेवटी ती डॉक्टरांकडे गेली. कुणाला न सांगता, दुपारची रजा टाकून. डोक्याचे फोटो काढणाऱ्या यंत्राच्या, आवाज करणाऱ्या बोगद्यात तिला आडवी ढकलली तेव्हा तिनं डोळे मिटून सगळ्या फळांची नावं म्हटली, मग पक्ष्यांची, मग नात्यांची. आत्या, मावशी, चुलता, मेहुणा, साडू, व्याही. बाहेर डॉक्टरनं तिला चित्रं दाखवली. तिनं विंचू ओळखला, नांगर ओळखला, अंगुस्तान तर इतक्या उत्साहानं सांगितलं, की डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. दोन दिवसांनी तो म्हणाला, "काही नाही. अगदी स्वच्छ आहे सगळं. झोप कमी, काळजी जास्त. एखादा शब्द अडतो माणसाचा. माझे तर रोज अडतात."

"पण माझ्या वडिलांचं असंच झालं होतं."

"वडिलांचा रक्तदाब होता. तुमचा नाही. वर्षातून एकदा दाखवत जा." आणि त्यानं पुढच्या पेशंटसाठी घंटा वाजवली.

ती पायऱ्या उतरून रस्त्यावर आली. सुटले, असं वाटायला हवं होतं. बाहेर ऊन होतं, माणसं आपापल्या घाईत होती, एक बाई मुलाच्या बुटाची नाडी बांधत होती. तिला वाटलं ते वेगळंच. काही नाही, म्हणजे ते दार मग कुणी आणलं? आजार नव्हता, रक्त नव्हतं, शिकवणी तर नव्हतीच. एका बाईला एक शब्द आठवला नाही आणि दुसरा आला, यामागे कुणीच नव्हतं. तिच्या आयुष्यातली सगळी चांगली वाक्यं अशीच आली असतील, तर उद्या ती न येण्यालाही कारण लागणार नव्हतं. आजाराची भीती नाव घेऊन सांगता तरी येत होती. या भीतीला नावही नव्हतं, आणि नावं ठेवणं हा तर तिचा धंदा.

तिथून ती ऑफिसला गेली नाही. पाय आपोआप आईवडिलांकडे वळले. आई बँकेत निघाली होती. "बरी आलीस," ती म्हणाली, "तासभर बस त्यांच्याजवळ. पत्ते करून घे जमलं तर, आज केलेच नाहीत." आणि छत्री घेऊन ती गेली.

वडील खिडकीशी बसले होते. ती स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसली आणि पत्ते काढले. पहिला पत्ता धरला, तर तो हातात थरथरत होता. ती थरथर तिनं थांबवायचा प्रयत्न केला, म्हणून ती जास्तच दिसायला लागली. वडिलांनी पत्त्याकडे पाहिलंच नाही. ते तिच्या हाताकडे बघत होते. मग तिच्या तोंडाकडे.

"घा..." ते म्हणाले.

पत्त्यावर मासा होता. "मा, बाबा. मा..."

त्यांनी जोरानं मान हलवली. "घा... घास."

"भूक लागलीये? काही आणू खायला?"

"घा. घागर." त्यांनी मूठ मांडीवर आपटली. "घार." शीर फुगली, ओठ जुळले, सुटले. ते एखादं जड कपाट एकट्यानं सरकवत असावेत तसं त्यांचं सगळं अंग त्या शब्दामागे लागलं होतं. "घाट. घाम." ती ओळीनं विचारत गेली, घाम येतोय का, खिडकी उघडू का, पंखा लावू का, आणि प्रत्येक वेळी ते नाही, नाही म्हणत होते, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. शेवटी त्यांनी डावा हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं, पत्त्यासकट. घट्ट धरलं. थरथर त्यांच्या हातात गेली आणि तिथे थांबली.

तिला कळलं.

"घाबरू?" ती म्हणाली.

त्यांची मान जोरजोरात हलली. हो, हो, तेच. "घा... बरू," ते म्हणाले. "घाबरू." मग पुढे काही येईना. ते तिच्याकडे बघत राहिले, वाट बघत, पुढचा शब्द तिच्याजवळ आहे हे माहीत असल्यासारखे. पुढचा शब्द तिलाच द्यायचा होता. जे तिला ऐकायचं होतं ते तिनंच त्यांना शिकवायचं, त्यांनी ते तिच्यामागून म्हणायचं, आणि तिनं ते त्यांचं म्हणून घ्यायचं. असल्या देवाणघेवाणीवर एरवी ती हसली असती. तिनं ओठ त्यांना दिसतील असे हलवले.

"नकोस," ती म्हणाली.

"न... नळ."

"नळ नाही. नकोस. न, को, स."

"नको," ते म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "स."

"आता दोन्ही मिळून."

त्यांनी डोळे मिटले. बाहेरून एक गाडी गेली, वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. तिचं मनगट दुखायला लागलं होतं, पण तिनं ते सोडवलं नाही.

"घाबरू," वडील म्हणाले, "नकोस."

तोडून तोडून म्हणाले, पहिलीतल्या मुलानं वाचावं तसे, जागच्या जागी ठेवलेल्या दोन विटांसारखे दोन शब्द, आणि डोळे उघडून तिच्याकडे पाहिलं, विकलं गेलं की नाही ते बघायला. तिला अजून भीती वाटत होती. पण आता ती खाली खाली जात नव्हती. कुठेतरी टेकली होती.

"पुन्हा म्हणा, बाबा," ती म्हणाली.